दिव्याभोवतीचं कंगन

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी फक्त 'काढून टाकायचा' पेपर होता. त्यामुळे संपादक मंडळाने "मराठी विभागाला एक टेक्निकल लेख दे" म्हटल्यावर मी दोन आठवडे त्यांना कॅन्टीनमध्ये चुकवत होते. मग लक्षात आलं, की आपल्याकडे सांगण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती एका मराठी शब्दावरच अडलेली होती. म्हणून लिहिते. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

मागच्या एप्रिलची गोष्ट. सबमिशन आटोपलं आणि शनिवारी संध्याकाळी मी धुळ्याहून घरी जायला एसटीत बसले. घर म्हणजे जळगावचं पिंप्राळा. पारोळा गेलं, एरंडोल येईपर्यंत अंधार पडला. मी पुढच्या सीटवर होते. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या हेडलाइटला काटे फुटले होते. दिवा एवढासा, पण किरणांचा पसारा अर्ध्या काचेएवढा, आणि त्याभोवती धुरकट गोल. मला वाटलं, एसटीची काच घाण असेल. पण खोटेनगरला उतरले तर रस्त्यावरच्या दिव्यांनाही तसेच गोल! आता मध्ये काच नव्हती.

दुसऱ्या दिवशी रात्री आजीचे डोळ्यांचे ड्रॉप्स संपले म्हणून मी स्कूटी घेऊन मेडिकलवर निघाले. समोरून एक मोटारसायकल आली. तिच्या दिव्याच्या पसाऱ्यात पुढचं सगळं पांढरं झालं, आणि तो पसारा सरकला तेव्हा माझ्यापुढे हातभर अंतरावर केळीची लोटगाडी होती. ब्रेक लागला, पडले नाही, कुणाला लागलं नाही. गाडीवाले काका फक्त "बाई, दिसत नाही का?" एवढंच म्हणाले. रागाने म्हणाले होते, पण प्रश्न बरोबर होता.

घरी आल्यावर मी हे सांगितलं. पप्पा मोबाईलवर घसरले, मम्मी माझ्या जागरणांवर. आजी मात्र कोपऱ्यातून म्हणाली, "पोरी, तुले बी दिव्याले कंगन दिसते का व?"

आणि घर एकदम गप्प झालं.

आजीचं कंगन

मी दुसरीत असताना आमच्याकडे भारनियमन असायचं. संध्याकाळी लाईट गेली की आजी ओट्यावर अंधारात बसायची. लाईट आली, किंवा कुणी मेणबत्ती लावली, की म्हणायची, "दिव्याले कंगन घातल्यासारखं दिसते मले. रंगीत." कधी डोकं दुखायचं, कधी भुवईवर ठणका लागायचा. मग ती झोपून जायची आणि सकाळी सगळं साफ! त्यामुळे तिलाही वाटायचं की काही नाही, आणि आम्हाला तर वाटायचंच. घरातल्या सगळ्यांनी मिळून निदान केलं, "मोतीबिंदू असेल. पिकू दे, मग काढू."

तो मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. एका रात्री डोळा लालभडक झाला, उलट्या झाल्या, आणि आम्ही ती पित्ताची समजून आणखी एक दिवस घालवला. नंतर नेलं तेव्हा त्या डोळ्याची नजर गेली होती. दुसरा डोळा वाचला. त्याचे ड्रॉप्स आजही चालू आहेत, तेच मी आणायला निघाले होते.

मोतीबिंदू आणि काचबिंदू, दोन्हींत 'बिंदू' आहे, म्हणून आपल्याला ते भाऊ-भाऊ वाटतात. पण फरक जमीन-अस्मानाचा आहे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवलं की नजर परत येते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी आयुष्यभर हेच काम केलं आणि २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शिवाय आजच्या शस्त्रक्रियेसाठी मोतीबिंदू 'पिकायची' वाट बघावी लागत नाही. काचबिंदूत मात्र डोळ्याच्या मागची नस मरते, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. गेलेली नस परत आणता येत नाही, राहिलेली फक्त वाचवता येते. म्हणजे एकात वाट पाहिली तर फार बिघडत नाही, दुसऱ्यात वाट पाहणं हीच चूक. आम्ही नेमकी तीच केली.

डॉक्टरांचा प्रश्न, माझं चुकीचं उत्तर

सोमवारी पप्पा मला जळगावात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर मॅडमनी चष्म्याचा नंबर पाहिला. आहे तोच होता. मग विचारलं, "घरात कुणाला ग्लॉकोमा?"

मी तडफदारपणे म्हटलं, "नाही!"

आता इथे माझी अक्कल बघा. नववीत मी 'मानवी डोळा' या विषयावर इंग्रजीत चार्ट केला होता. त्यात ग्लॉकोमाच्या रकान्यात 'दिव्याभोवती इंद्रधनुषी वलय' असं माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. पहिलं बक्षीस मिळालं. चार्ट दोन वर्षं घराच्या भिंतीवर होता, आजीच्या खाटेच्या बरोबर वर. आणि आजीला झालेला 'काचबिंदू' आणि माझ्या चार्टवरचा 'ग्लॉकोमा' एकच आहेत, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. एक शब्द घरातला, एक शाळेतला. दोघांची कधी ओळखच झाली नाही.

पप्पा शेजारी बसले होते. त्यांना ग्लॉकोमा शब्द माहीत नव्हता, म्हणून तेही गप्प. मॅडमना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पुन्हा विचारलं, "काचबिंदू?" आणि आम्ही दोघं एकदम म्हणालो, "हो, आजीला."

तिथून तपासणीची दिशाच बदलली. माझ्या डोळ्यांचा दाब मोजला, तो १५ निघाला (साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हे नॉर्मल समजतात). आतला कोन पाहिला, तो मोकळा. मग डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिलं आणि म्हणाल्या, "पापणी मिटू नकोस." चौथ्या सेकंदाला रंगाच्या थरात काळे ठिपके पडायला लागले. दहा सेकंदांच्या आत ठिपके पडले तर थर कमजोर समजतात. नंतर खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. ही शिर्मर टेस्ट, १९०३ पासून चालत आलेली. पट्टी १४ मिलिमीटर भिजली. म्हणजे पाणी पुरेसं होतं, पण टिकत नव्हतं.

निदान: कोरडे डोळे. मी म्हटलं, "पण मॅडम, माझ्या डोळ्यांतून तर उलट पाणी येतं!" त्या हसल्या. डोळा कोरडा पडून चुरचुरला की मेंदू घाईघाईने पाणी सोडतो. ते पाणी गालावर येतं, डोळ्यावर टिकत नाही. बादली उपडी केली म्हणून शेत भिजत नाही, तसं.

शेवभाजीची तर्री आणि डोळा

आता थोडं आपल्या अभ्यासाचं. डोळ्यावर अश्रूंचा जो थर असतो तो फक्त काही मायक्रॉन जाड असतो, साधारण तीन धरा. एका डोळ्यात एका वेळी सगळं मिळून सात मायक्रोलिटरच्या आसपास पाणी, म्हणजे ड्रॉपरच्या एका थेंबाचा सातवा हिस्सा. या थरात तीन गोष्टी आहेत. खाली चिकट पदार्थ, जो पाण्याला डोळ्याला धरून ठेवतो. मध्ये पाणी. आणि वर तेलाचा अतिशय पातळ तवंग. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं.

तेल कशाला? मेसमधली शेवभाजी आठवा. तर्रीवाला रस्सा अर्ध्या तासानेही तोंड भाजतो आणि बिनतर्रीचा लगेच गार होतो. वरचा तेलाचा थर पाण्याला वाफ होऊन जाऊ देत नाही. डोळ्याचंही तेच. माझा रस्सा ठीक होता, तर्री कमी पडली होती.

त्यात आपला खान्देश. कूलर आपल्याकडे एवढा छान का चालतो, हे थर्मलच्या तासाला शिकलोच आहोत. बाहेर ४२ अंश तापमान आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या बल्बचं तापमान २२ च्या आसपास येतं. म्हणजे कूलरला वीस अंशांची सूट! मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर तेच २८ च्या आसपास, सूट जेमतेम सहा. आपली हवा पाण्याला तहानलेली असते, म्हणून कूलर गार करतो. पण ती तहान कूलरच्या गवतापुरती थांबत नाही, आपल्या डोळ्यांतूनही पिते. त्यात पाचवर फिरणारा पंखा बरोबर तोंडावर, मग काय विचारता!

तिसरी भर स्क्रीनची. साध्या गप्पा मारताना माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे टक लावून बघताना हे प्रमाण बरंच खाली येतं. मी रूममेटला माझ्या पापण्या मोजायला बसवलं. गप्पा मारताना १७, आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडल्यावर ६! त्यातल्याही निम्म्या अर्धवट. म्हणजे दोन पापण्यांच्या मध्ये दहा सेकंद, आणि माझा थर फुटतो चौथ्या सेकंदाला. उरलेले सहा सेकंद मी उघड्या, कोरड्या डोळ्याने बघत होते. हे गणित कळलं तेव्हा खरं सांगते, भीती थोडी कमी झाली. ज्याचं गणित मांडता येतं त्याची भीती कमी वाटते.

पण वलय का दिसतं?

आपल्याला वाटतं डोळ्यातलं भिंग प्रकाश वळवतं. भिंग वळवतंच, पण जास्तीचं काम डोळ्याच्या पुढच्या पृष्ठभागाचं आहे, जिथे हवा संपते आणि अश्रू सुरू होतात. अश्रूंचा अपवर्तनांक १.३३६. पृष्ठभागाची त्रिज्या ७.८ मिलिमीटर. आता सूत्र टाका: ०.३३६ भागिले ०.००७८ मीटर, उत्तर ४३ डायॉप्टर. संपूर्ण डोळ्याची शक्ती साधारण ६० डायॉप्टर असते. म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त काम याच ओल्या पृष्ठभागावर होतं. तो गुळगुळीत हवा.

समजा त्या थरात एका ठिकाणी एक मायक्रॉनचा खड्डा पडला. तिथल्या प्रकाशाच्या मार्गात ०.३३६ मायक्रॉनचा फरक पडतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन. म्हणजे फरक झाला ०.६ तरंगाचा. फर्स्ट इयरला फिजिक्समध्ये रेलेचा निकष वाचला असेल तर आठवेल, चांगल्या भिंगात पाव तरंगापर्यंतच चालतं. आपण दुप्पट पुढे गेलो! म्हणून दिवा एका ठिपक्यात न मावता इकडेतिकडे सांडतो. त्यालाच आपण वलय, किरण, काटे म्हणतो.

मग हे रात्रीच का? दोन कारणं. दिवसा डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते, रात्री ती सहापर्यंत जाते. दोनाची सहा झाली तर क्षेत्रफळ नऊपट. काठाचा ओबडधोबड भागही कामाला लागतो. आणि दुसरं, मागे काळा अंधार असतो, म्हणून थोडा सांडलेला प्रकाशही दिसतो.

यातलं थोडंफार सगळ्यांनाच दिसतं बरं का. निरोगी डोळ्यालाही लांबच्या तेजस्वी दिव्याला किरण दिसतात. चित्रात आपण चांदणीला काटे काढतो, ते आकाशात नसतातच, आपल्या डोळ्यातल्या भिंगाच्या रचनेतून येतात. सर सी. व्ही. रामन यांनाही या गोष्टीने भुरळ घातली होती. १९१९ साली त्यांनी डोळ्यातल्या माध्यमांमधून प्रकाश कसा विखुरतो यावर फिलॉसॉफिकल मॅगझीनमध्ये लेख लिहिला, आणि म्हातारपणी, १९६८ साली, दृष्टीवर एक अख्खं पुस्तक. तेव्हा कुणी "दिव्याभोवती काहीतरी दिसतं" म्हणालं तर त्याला वेड्यात काढू नका.

आता आजीच्या कंगनाकडे. डोळ्यातला दाब एकदम वाढला की पुढच्या पारदर्शक पडद्यात पाणी शिरतं आणि बारीक थेंब साचतात. मग प्रकाशाचं विवर्तन होतं. थेंब दहा मायक्रॉनचा धरला तर वलय तीन-चार अंशांवर येतं, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या सात-आठपट अंतरावर. लाल रंगाची तरंगलांबी मोठी, म्हणून लाल बाहेर, निळा आत. हे घरी बघायचं असेल तर चष्म्याच्या काचेवर किंवा साध्या काचेवर फुंकर मारून वाफ धरा आणि तिच्यातून लांबच्या दिव्याकडे बघा. रंगीत गोल दिसेल. आजीच्या डोळ्यावर ती वाफ आतून साचत होती.

आणि हे अंधारातच का व्हायचं? काही लोकांच्या डोळ्यातली पाणी बाहेर जायची वाट जन्मतः अरुंद असते. अंधारात बाहुली मोठी झाली की बुबुळाची घडी त्या वाटेवर येते आणि वाट बंद होते. झोपेत बाहुली लहान होते, वाट मोकळी होते. भारनियमनात कंगन दिसायचं आणि सकाळी जायचं, त्यात चमत्कार काही नव्हता. आजी रोज संध्याकाळी आम्हाला अचूक निरीक्षण देत होती. आम्ही ते नोंदवलं नाही.

खोलीवर करून बघा

हे प्रयोग डॉक्टरची जागा घेणार नाहीत. पण डॉक्टरकडे जाताना नुसतं "कसंतरी दिसतं" म्हणण्यापेक्षा हे सांगितलं तर त्यांचं काम सोपं होतं. मी वहीत लिहून नेलं होतं.

१. अंगठा: लांबच्या दिव्याचा फक्त बल्ब अंगठ्याने झाका. गोल नाहीसा झाला तर तो तुमच्या डोळ्यात (किंवा चष्म्यात) आहे. तरीही राहिला तर हवेत धूळ किंवा धुकं आहे.

२. मान: चष्मा काढून मान एका बाजूला कलती करा. किरण तुमच्याबरोबर फिरले तर ते डोळ्याचे. जागीच राहिले तर गाडीच्या काचेचे.

३. पापणी: दोन-तीनदा पूर्ण पापणी मिटा. लगेच चित्र साफ झालं आणि काही सेकंदांनी पुन्हा बिघडलं, तर अश्रूंच्या थरावर संशय घ्या.

४. एकेक डोळा: आळीपाळीने झाकून बघा. कोणत्या डोळ्यात आहे ते लिहा.

५. भोक: जाड कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून बघा. पसारा बराच कमी झाला तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

६. डोळे मिटा: मिटूनही दिसत राहिलं तर गोष्ट डोळ्याच्या पुढच्या भागातली नाही. चमकत्या नागमोडी रेषा, हळूहळू पसरणाऱ्या, वीस-तीस मिनिटांत जाणाऱ्या, त्यामागून डोकेदुखी, असं असेल तर ते अर्धशिशीचं लक्षण असू शकतं. काहींना तर सतत टीव्हीच्या मुंग्यांसारखे ठिपके दिसतात. त्याला व्हिज्युअल स्नो म्हणतात, आणि त्याचा संबंध मेंदूशी आहे. डोळ्याची तपासणी नॉर्मल आली म्हणजे माणूस नाटक करतो असं नाही.

एक सूचना. डोळे किलकिले केल्यावर दिव्याला वर-खाली उभ्या रेषा दिसतात, त्यांना घाबरू नका. पापणीच्या कडेला साचलेलं पाणी तिथे प्रिझमसारखं काम करतं. ते सगळ्यांना दिसतं, सरांनाही.

आणि हे असेल तर प्रयोग करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा: रंगीत वलय, सोबत डोळा किंवा डोकं दुखणं, डोळा लाल, उलटी, नजर धूसर. तसंच अचानक विजेसारख्या चमका, काळे ठिपके किंवा बाजूने पडदा आल्यासारखं वाटणं.

हॉस्टेलवाल्यांसाठी

माझा उपचार अगदी साधा निघाला. गरम पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं (चटका बसणार नाही इतकंच गरम) मिटलेल्या पापण्यांवर आठ-दहा मिनिटं, मग पापणीच्या कडेला हलका मसाज. थिजलेलं तेल सैल होतं. डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रू. पंख्याची दिशा बदलली. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली घेतली, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. दर वीस मिनिटांनी लांब बघायचं आणि पापण्या पूर्ण मिटायच्या. लॅपटॉपच्या कडेला मी 'मीट!' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. मैत्रिणींना वाटतं मी कुणालातरी भेटणार आहे!

दीड-दोन महिन्यांत वलय बरंच कमी झालं. पूर्ण गेलं नाही, मे महिन्यात थोडं परत आलं. कोरडे डोळे एका कोर्समध्ये सुटणारा विषय नाही, केटीसारखा पुन्हा पुन्हा समोर येतो.

दोन गोष्टी मात्र हॉस्टेलवर सर्रास चालतात, त्याबद्दल हात जोडून सांगते. पहिली, मेडिकलवरून "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" म्हणून ड्रॉप्स आणणं. त्यात कधी कधी स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत बरं वाटतं, म्हणून माणूस महिनोन्महिने टाकत राहतो. स्टेरॉइडने काहींच्या डोळ्याचा दाब वाढतो आणि वीस वर्षांच्या वयातही काचबिंदू होऊ शकतो. रूममेटची बाटली तर मुळीच वापरू नका. दुसरी, पिंपल्ससाठी घेतात ती आयसोट्रेटिनॉइनची गोळी आणि सर्दीच्या ॲलर्जीच्या काही गोळ्या, यांनी डोळे कोरडे पडतात. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

आणि पप्पा

खरं तर लेख इथे संपायला हवा होता. पण मी लिहायला बसले ते पुढच्या गोष्टीसाठी.

माझी तपासणी झाल्यावर मॅडमनी पप्पांकडे बघून विचारलं, "तुमच्या आईला काचबिंदू होता ना? मग तुम्ही कधी दाखवलंत?" पप्पा म्हणाले, "मला काही त्रासच नाही. चष्मा तर फक्त पेपर वाचायला लागतो." मॅडम म्हणाल्या, "बसा."

पप्पांच्या दोन्ही डोळ्यांतली वाट अरुंद होती. आजीसारखीच. दाब अजून वाढला नव्हता, नस शाबूत होती, कंगन कधी दिसलं नव्हतं, डोकं कधी दुखलं नव्हतं. लक्षण एकही नाही! जवळच्या नात्यात काचबिंदू असला की धोका वाढतो, आणि आजीच्या आजाराला बारा-तेरा वर्षं होऊन गेली तरी आमच्यापैकी एकानेही डोळे दाखवले नव्हते. मोतीबिंदूच समजून बसलेलं घर काचबिंदू कळल्यावरही त्याचा अर्थ समजून घ्यायला तयार नव्हतं.

पुढच्या आठवड्यात लेझरने पप्पांच्या बुबुळात एक बारीक छिद्र पाडलं. पाण्याला जायला दुसरी वाट. टाका नाही, भरती व्हायचं नाही. पप्पा संध्याकाळी घरी येऊन चहा पीत बसले होते. आजीने त्यांना जवळ बोलावलं, चेहरा हाताने चाचपला आणि एवढंच म्हणाली, "मले कोणी इचारलंच नाही रे तवा."

या आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघाला तेव्हा आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो. आजी नेहमीसारखी मान जरा वळवून बघत होती, कारण तिला आता एकाच बाजूने दिसतं. रथावरचे दिवे लागले. मी दोन-तीनदा पापण्या मिटल्या, किरण आवरले. मग सवयीने पप्पांना विचारलं, "कंगन दिसतंय का?" ते म्हणाले, "नाही." आजीनेही न विचारता उत्तर दिलं, "मले बी नाही."

तर मित्रमैत्रिणींनो, तुमच्या स्वतःच्या डोळ्यांसाठी पंखा वळवा, पापण्या मिटा आणि टिकलं तर डॉक्टरांना दाखवा. पण पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा चाळिशीपुढच्या प्रत्येकाला दोन प्रश्न नक्की विचारा. रात्री दिव्याभोवती काही दिसतं का? आणि आपल्या घरात कुणाला काचबिंदू होता का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर पहिल्याचं उत्तर 'नाही' असलं तरी त्यांना घेऊन जा, आणि स्वतःचेही डोळे दाखवा. शब्द मात्र घरातलाच वापरा. ग्लॉकोमा म्हणालात तर सगळे "नाही" म्हणतील. मीही म्हणाले होते.